सैल बाही

आत्याबाईनं अन्विताचा हात पुन्हा धरला, तेव्हा ब्युरेटच्या काचनळीतून शेवटचे दोन-चार थेंबच पडायचे राहिले होते.

"घ्या! आत्याबाई रुसली," मागच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं आणि पंधरा-वीस गॉगलांमागे हसू पसरलं. अन्विता होती तशीच उभी राहिली. दुसरं काही करणं शक्यच नव्हतं. मनगटापासून कोपरापर्यंत तिची उजवी बाही लाकडासारखी ताठ झाली होती आणि बोटं ब्युरेटच्या तोटीवर अडकली होती. तोटी उघडीच राहिली. खालच्या फ्लास्कमध्ये जिथं फिकी गुलाबी छटा यायला हवी होती तिथं भडक राणी रंग पसरत गेला आणि पोरगी तो बघत राहिली. मग बाही सैल पडली. भिंतीवरच्या पडद्यावर 'अन्विता देवतळे' या नावापुढं चौथा तांबडा ठिपका उमटला.

भिंतीशी उभ्या असलेल्या नीलिमाचं पाऊल पुढं पडलं आणि तिथंच थांबलं. ती रसायनशास्त्राची प्राध्यापक होती, प्रयोगशाळेची सुरक्षाप्रमुख होती आणि अन्विताची आई होती. पण कॉलेजात 'मॅडम' आणि घरी 'आई' हा करार दोघींनी पहिल्या वर्षीच केला होता. पाचवा ठिपका पडला की त्या सत्राची प्रात्यक्षिक परीक्षा देता येत नाही, हा नियम मॅडमच्याच सहीनं दारावर लागला होता. परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती.

आत्याबाई म्हणजे एप्रन. कंपनीनं त्याचं नाव भारदस्त ठेवलं होतं, 'अभिरक्षक'. पण बारशाचा हक्क शेवटी पोरांचा. चारचौघांत हात धरणारी आणि वर 'तुझ्याच भल्यासाठी हो' म्हणणारी बाई प्रत्येकाच्या नात्यात एखादी असतेच. सावळापूरच्या या कॉलेजातल्या पोरांनी आठवडाभरात एप्रनची आत्याबाई करून टाकली. पुढं पुढं तर प्राचार्यसुद्धा बैठकीत तेच नाव घेऊ लागले.

त्याआधी या प्रयोगशाळेत फक्त नियमांचा फलक होता. एप्रन घाला, गॉगल लावा, बूट बंद हवेत, केस बांधा. फलक सगळ्यांना पाठ होता आणि पाळायचा तो बाहेरचे परीक्षक आले की. विदर्भातला उन्हाळा, पंखे बर्नरच्या ज्योती विझतात म्हणून बंद, गॉगलच्या काचेवर घामाची वाफ. कोण लावणार? एप्रनही एकेकाचा नसायचाच. एक बॅच बाहेर पडताना दारातच एप्रन उतरवून आत जाणाऱ्यांच्या अंगावर टाकायची. नीलिमानं स्वतः बीएस्सीची तिन्ही वर्षं खिशावर दुसऱ्याच कुणाच्या नावाची भरतकामातली अक्षरं मिरवत काढली होती.

मग ठिकठिकाणी अपघात झाले, डोळे गेले, ओरड झाली आणि हा एप्रन सक्तीचा झाला. दिसायला साधा, पांढरा, सुती. पण बाहीच्या अस्तरात केसासारख्या बारीक नळ्या विणलेल्या, त्यांत तेलासारखा एक द्रव आणि द्रवात डोळ्यांना न दिसणारे कण तरंगत असलेले. एरवी हा द्रव वाहता असतो. त्याला विजेचा दाब मिळाला की ते कण एकामागे एक रांगा धरतात आणि पापणी लवायच्या आत द्रव थिजून घट्ट होतो. वीज काढली की पुन्हा पातळ. एवढं तर विज्ञानाला फार पूर्वीपासून ठाऊक होतं. नवं होतं ते वीज कधी सोडायची हे ठरवणारं डोकं. गळ्याजवळच्या बटणात कॅमेरा होता, बाहीच्या धाग्यांत हाताचा वेग आणि ताण मोजणारे तंतू होते. हजारो प्रयोगशाळांमधलं चित्रण बघून बघून ते डोकं एकच गोष्ट शिकलं होतं, ती म्हणजे चूक व्हायच्या जरा आधी माणसाचा हात कसा दिसतो. तसा हात दिसला की बाही तो धरायची.

शिवाय प्रत्येक एप्रन पहिले काही आठवडे आपल्या मालकाचा हात शिकायचा. कुणाचा हात मुळातच चपळ, कुणाचा धिमा. त्यावरून किती खपवून घ्यायचं याची मर्यादा ठरायची आणि कॉलरमधल्या चिपमध्ये जाऊन बसायची. दोन वर्षांत सावळापूरच्या लॅबमध्ये साधं बोटसुद्धा भाजलं नव्हतं. यंत्र चांगलंच होतं, त्यात वाद नाही.

फक्त अन्विताचा हात कापायचा.

नीलिमाच्या वडिलांचाही कापायचा. ते कप दोन्ही हातांनी धरून चहा प्यायचे आणि कुणी बघितलं की हसायचे. तो कंप मुलीला सोडून नातीकडं आला. आजार म्हणावा असा तो नाही, वाढतोच असंही नाही, आणि जातही नाही. अन्विता त्याच्याबरोबर राहायला शिकली होती. कॉलेजात तिचं टेबल लांबूनही ओळखू यायचं. सगळं सामान ट्रेमध्ये, ट्रेखाली ओलं फडकं, बाटल्यांची बुचं उघडल्या उघडल्या बंद, आणि गॉगलची पट्टी इतकी घट्ट की संध्याकाळपर्यंत डोळ्यांभोवती वळ राहावेत. आपला हात दगा देणार हे ज्याला रोज माहीत असतं, तो माणूस जपून वागतो. पण आत्याबाईला ट्रे दिसत नव्हता, फडकं दिसत नव्हतं. तिला कापणारा हात दिसायचा.

त्या दिवशी घरी आल्यावर अन्वितानं चहा टाकला. गाळताना डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, तरी थोडा ओट्यावर सांडलाच.

"डॉक्टरांचं प्रमाणपत्र घेऊ आपण," नीलिमा म्हणाली. "तशी तरतूद आहे. कंपनी तुझ्यासाठी वेगळी मर्यादा लावून देते. रीतसर."

"आणि ते प्रमाणपत्र जन्मभर माझ्या नावामागं फिरेल. एमएस्सीच्या मुलाखतीत पहिला प्रश्न कोणता असंल, सांग ना? हात कापतात, मग केमिस्ट्री कशाला?"

"असं कुणी विचारत नाही."

"आई, तू स्वतः निवड समितीवर बसते. तू नाही विचारणार?"

नीलिमानं मागच्याच वर्षी एका मुलाला जवळजवळ तसंच विचारलं होतं.

"मला केमिस्ट्रीच करायची आहे," अन्विता ओटा पुसत म्हणाली. "होतील हात नीट. मी रोज सराव करून राहिली ना." तिचा आवाजही कापला. मग तिनं पातेलं जोरात घासायला घेतलं.

रविवारी अन्विता मैत्रिणीकडं गेली, तेव्हा नीलिमानं फोन हातात घेतला. नवरा चंद्रपूरला नोकरीला, त्या आठवड्यात आलेला नव्हता. घरात विचारायला कुणी नव्हतं आणि खरं सांगायचं तर तिला कुणाला विचारायचंच नव्हतं. सुरक्षाप्रमुखाला फोनवरून प्रत्येक एप्रनची मर्यादा बदलता येते. खाली 'कारण लिहा' असा चौकोन येतो. त्यात तिनं 'चाचणी' असं लिहिलं. मर्यादेची पट्टी एक घर वर सरकवून बघितली, पण तेवढ्यानं अन्विताचा हात सुटणार नव्हता. दोन घरं. मग तिनं बोट न उचलता ती पट्टी टोकापर्यंत नेली. आता ही बाही जवळजवळ काहीच अडवणार नव्हती. परीक्षेपुरतं, तिनं स्वतःला समजावलं. माझी पोर इतकी जपून काम करते, तिला आत्याबाईची गरजच काय? परीक्षा झाली की पट्टी परत खाली आणू.

अन्विताला तिनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पोरीनं ऐकून घेतलं नसतं, आणि मुलीसमोर असं काही कबूल करायचा धीर आईलाही नव्हता.

मंगळवारी अन्विता घरी आली ती दारातूनच ओरडत. "आई! आज एकदाही धरलं नाही! पूर्ण टायट्रेशन केलं, तीनदा, तिन्ही रीडिंग सारखी आली!"

"अगं वा," नीलिमा म्हणाली.

"वा काय! मी सांगितलं होतं ना सरावानं होते म्हणून? घुगे सर म्हणाले, देवतळे, तुझा हात बसला." तिनं दोन्ही तळवे आईसमोर धरले. ते कापतच होते, पण ती त्यांच्याकडं बघत नव्हती, ती आईकडं बघत होती. इतकी खूश ती दहावीच्या निकालालाही नव्हती. नीलिमानं तिला पोटाशी धरलं, म्हणजे निदान आपला चेहरा तिला दिसणार नाही.

त्यानंतरचे दिवस नीलिमानं जीव मुठीत धरून काढले. अन्विताच्या बॅचला काहीतरी निमित्त काढून ती लॅबमध्ये घुटमळायची. पोरगी नीट काम करत होती, पण ट्रेखालचं ओलं फडकं कधीकधी दिसेनासं झालं होतं. एकदा तिनं आम्लाची बाटली एकाच हातानं उचलली. नीलिमानं ओरडावं तर काय म्हणून ओरडावं?

बाकीच्यांची तऱ्हा वेगळीच होती. गॉगलचा पट्टा कातडीला टेकलेला असला की गॉगल लावलाय असं यंत्राला वाटतं, हा शोध पोरांनी कधीच लावला होता. वाफ धरली की गॉगल सरळ कपाळावर चढायचा. नीलिमा प्रांजली ढोकेला यावरून कितीदा तरी बोलली होती. प्रांजली दुसऱ्या बॅचमधली, अन्विताची जिवलग मैत्रीण. हात असा स्थिर की तिनं दिव्याची ज्योत कातरून द्यावी.

"गॉगल खाली घे, प्रांजली."

"घेते ना मॅडम. अन् काही झालंच तर आत्याबाई आहे की!"

सगळे असंच म्हणायचे. सोडियम किती घ्यायचा, नळी कुठं रोखायची, हे आता कुणी फारसं लक्षात ठेवत नव्हतं. चुकलं तर बाही धरते, धरली नाही म्हणजे बरोबर, असा सरळ हिशोब होता. नीलिमाला हे दिसत होतं. पुढच्या सत्रात यावर एक व्याख्यान ठेवू, असं तिनं मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी दुपारी ती स्टाफरूममध्ये पेपर तपासत होती. अन्विता डबा घ्यायला आली. बॅच संपली होती, हात धुतलेले, डोळ्यांभोवती गॉगलचे वळ.

"मॅडम, डबा," ती हळूच म्हणाली आणि हसली.

नीलिमानं डबा पुढं केला आणि तिचं लक्ष गेलं. "एप्रन कुठाय?"

"प्रांजलीला दिला. तिच्या एप्रनवर काल डाय सांडला ना, तो धुवायला गेला. सुकायला दोन दिवस लागतात. मग तिनं काय प्रॅक्टिकल बुडवायचं? सगळेच देतात, आई," सवयीनं आई निघून गेलं, "तुला तर माहीत आहे."

तिला माहीत होतं. दार कॉलरमधली चिप ओळखतं, आतलं माणूस ओळखत नाही. अधूनमधून पोरं एप्रन दारात बदलतात, हे सगळ्या विभागाला माहीत होतं आणि सगळा विभाग तिकडं काणाडोळा करत होता. तिनंही केला होता, कारण तिला त्यात आपलं कॉलेजचं वय दिसायचं. ती पट्टी टोकापर्यंत सरकवताना तिनं अन्विताचा विचार केला, परीक्षेचा केला, कंपनीचा केला. एप्रन दुसऱ्याच्या अंगावर जाईल हे मात्र तिच्या डोक्यातच आलं नाही.

"आज त्यांना काय आहे?"

"सोडियम फ्यूजन."

नीलिमा उठली ती खुर्ची पाडूनच.

जिना उतरताना तिच्या डोळ्यांसमोर तो प्रयोग पायरीपायरीनं येत होता. छोट्या काचेच्या नळीत सोडियमचा तुकडा, त्यावर चिमूटभर पदार्थ, नळी लाल होईपर्यंत तापवायची आणि तशीच चिनी मातीच्या वाटीतल्या पाण्यात बुडवायची. नळी फुटते, फुटायलाच हवी असते. सोडियम ज्वारीच्या दाण्याएवढा असेल आणि पुरता जळला असेल तर नुसती चर्र होते. तुकडा मोठा असेल, आत कच्चा राहिला असेल, तर पाण्याला लागताच त्याचा भडका होतो आणि वाटीतलं दाहक पाणी तोंडावर येतं. म्हणून वाटीवर लगेच जाळी ठेवायची. म्हणून गॉगल.

ती प्रयोगशाळेच्या काचेच्या दारावर आदळली. दार उघडलं नाही.

"कृपया एप्रन आणि गॉगल घाला," दार गोड आवाजात म्हणालं.

तिचा एप्रन वर, कपाटात होता.

आत विसेक पोरं आपापल्या ज्योतींवर वाकलेली होती. घुगे सर पलीकडच्या टोकाला पाठमोरे उभे. खिडकीजवळच्या टेबलावर प्रांजली, चिमट्यात लाल झालेली नळी, गॉगल कपाळावर. तिची वाटी उघडी होती. जाळी बाजूला पडलेली.

नीलिमानं काचेवर दोन्ही हातांनी थापा मारल्या. जाड काच, आत गॅसचा आवाज. जवळच्या एका मुलानं मान वर केली, मॅडम दिसल्या म्हणून घाईनं आपला गॉगल खाली ओढला आणि पुन्हा कामाला लागला.

"कृपया एप्रन आणि गॉगल घाला."

फोन! तिनं फोन काढला. अन्विताचं नाव उघडलं, पट्टी धरली, सर्रकन खाली ओढली. एवढं मंजूर झालं की त्या क्षणी बाही प्रांजलीचा हात हवेत धरून ठेवणार होती. पडद्यावर चौकोन आला. 'कारण लिहा.'

काहीही लिहिलं असतं तरी चाललं असतं. एक अक्षर पुरलं असतं. पण इथं लिहिलेलं कंपनी वाचेल, प्राचार्य वाचतील, मागचं 'चाचणी'ही वाचतील, हे सगळं त्या एका क्षणात तिच्या मनात येऊन गेलं. तिचा अंगठा थबकला.

आत प्रांजलीचा हात वाटीकडं गेला, वाटीच्या वर जरासा थांबला आणि खाली आला.

आवाज फटाक्यासारखा झाला. मग किंकाळी.

अपघात झाला की सगळ्या बाह्या सैल पडतात आणि दार आपोआप उघडतं. तेव्हा ते उघडलं. नीलिमाच्या आधी अन्विता आत शिरली होती. ती केव्हा मागोमाग आली, कुणाला कळलंच नाही. एप्रन नाही, गॉगल नाही. तिनं प्रांजलीला काखेत हात घालून उचललंच, डोळे धुवायच्या नळाशी नेलं आणि तिचं तोंड पाण्याखाली धरलं.

"उघड डोळा. प्रांजली, उघड!"

"नाही उघडत... जळून राहिला गं..."

अन्वितानं दोन बोटांनी तिच्या पापण्या फाकवल्या. ती बोटं थरथरत होती, पाण्याखाली सगळ्यांना दिसत होती. पण ती निसटली नाहीत. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ती बोटं तिथून हलली नाहीत. घुगे सर म्हणाले, मी धरतो. तिनं मान हलवली. नीलिमा शेजारी उभी राहून पाण्याचा जोर कमीजास्त करत होती. दुसरं करण्यासारखं तिच्याकडं काही नव्हतं.

जिल्ह्याच्या नेत्र रुग्णालयात डॉक्टर म्हणाले, डावा डोळा ठीक आहे. उजवा राहील. नजर किती राहील ते बुबुळावरची जखम भरून आल्यावर कळेल. "लगेच आणि भरपूर धुतला म्हणून राहिला," ते म्हणाले. "कुणी धुतला?" अन्विता आपले ओले हात मांडीवर घेऊन बाकावर बसली होती.

संध्याकाळी प्राचार्य मुरकुटे आले. बरोबर कंपनीचा माणूस होता, व्यवहारे नावाचा. त्यानं एप्रन आधीच तपासला होता. तो तसा सभ्य माणूस, हळू आवाजात बोलला.

"एप्रनमध्ये बिघाड नाही, सर. मर्यादा टोकाला नेलेली आहे. मुद्दाम. एप्रन अन्विता देवतळे या विद्यार्थिनीचा आहे आणि बदल देवतळे मॅडमच्या फोनवरून झालाय. अकरा दिवसांपूर्वी, रविवारी, म्हणजे घरून." त्यानं बाकाकडं बघितलं. "मुलांना आईवडिलांचा फोन उघडता येतोच."

अन्विता उभी राहिली. "मी? मी काही केलं नाही. सर, मी कशाला... माझा हात तर बरा झाला होता!"

"तुझ्या नावावर चार ठिपके होते, बाळा," प्राचार्य म्हणाले. मग नीलिमाला जरा बाजूला घेऊन पुटपुटले, "मॅडम, लेकराचं वय आहे. समज देऊ, एखादं सत्र बाहेर ठेवू. जास्त बोभाटा नको. तुमच्यापर्यंत येऊ देत नाही मी."

त्यांना वाटत होतं ते उपकार करताहेत. क्षणभर नीलिमाला तसं वाटूही गेलं, आणि त्या क्षणाची तिला पुढं जन्मभर शिसारी येत राहिली.

आतून नर्सनं हाक मारली. प्रांजली मॅडमना बोलावत होती.

खोलीत तिची आई उशाशी बसली होती, पदर तोंडाला लावून. प्रांजलीच्या उजव्या डोळ्यावर जाड पट्टी होती. डाव्या डोळ्यानं तिनं मॅडमना शोधलं.

"मॅडम, माझी चूक झाली. गॉगल वर होता."

"बोलू नको तू आता."

"नाही, ऐका ना. मी थांबली होती, मॅडम. सोडियम मोठा पडला असं वाटलंच होतं मले. वाटीवर हात नेला अन् थांबली. म्हटलं, चुकत असंल तर आत्याबाई धरंल. तिनं धरलं नाही. म्हणून मले वाटलं, बरोबर आहे."

नीलिमा खोलीबाहेर आली. प्राचार्य, व्यवहारे, अन्विता, घुगे सर, सगळे तिथंच होते. मागोमाग प्रांजलीची आईही दारात येऊन उभी राहिली, आणि ते बरंच झालं.

"बदल मी केला," नीलिमा म्हणाली. "अन्विताला काहीच माहीत नव्हतं. तिचा हात कापतो, ती परीक्षेला मुकेल म्हणून मी तिचा एप्रन सैल केला. कुणाला विचारलं नाही. आज दाराबाहेर असताना तो परत घट्ट करता आला असता, तोही मी वेळेत केला नाही."

"मॅडम, जरा विचार करून..." प्राचार्य म्हणाले.

"लेखी देते, सर. आत्ताच देते."

प्रांजलीच्या आईनं नीलिमाकडं नुसतं बघितलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. नीलिमा त्या बंद दाराकडं बघत राहिली. अन्विताकडं बघायचं तिच्यानं होईना.

रात्री दोघी घरी आल्या. नीलिमानं दिवा लावला आणि जेवणाच्या टेबलाशी बसली. सकाळपर्यंत निलंबनाचं पत्र येईल, चौकशी बसेल, नोकरी राहील की जाईल सांगता येत नव्हतं. त्यातलं काहीही तिच्या डोक्यात टिकत नव्हतं. समोर अन्विता उभी होती, दोन्ही तळवे पुढं धरून, त्या मंगळवारी धरले होते तसेच. पण आज ती त्यांच्याकडंच बघत होती.

"म्हणजे हे बरे झालेच नव्हते."

"अन्विता..."

"तिनं धरलं नाही," अन्विता म्हणाली, "म्हणून मला वाटलं, मी बरी झाली."

तेच शब्द. दोन पोरींच्या तोंडून एकाच दिवशी. नीलिमा टेबलावर डोकं टेकवून रडली. चौकशीत पुढं काय होईल ते होवो, याहून मोठी शिक्षा तिला कुणी सुनावणार नव्हतं.

अन्विता स्वयंपाकघरात गेली. गॅस पेटल्याचा आवाज आला, भांड्यांचा आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात बशीत ठेवलेला चहाचा कप होता. आज तिनं डाव्या हातानं मनगट धरलं नव्हतं. कप बशीत खडखडत होता आणि टेबल अजून चार पावलं लांब होतं.

"उद्या डॉक्टरकडं जाईन मी," ती चालत चालत म्हणाली. "प्रमाणपत्र घेईन. मुलाखतीत विचारलंच कुणी, तर प्रांजलीचा डोळा कुणी धुतला ते सांगीन."

कप कलला. नीलिमाचा हात आपोआप पुढं गेला.

"धरू नको, आई."

हात तिथंच राहिला. चहा बशीत सांडला, थोडा फरशीवर सांडला. अन्वितानं उरलेल्या चहाचा कप आईसमोर ठेवला आणि फडकं आणायला आत गेली.